तीन टाक्यांचा संसार

शिकागोहून यलोस्टोनला जायचा शहाणा मार्ग विमानाचा. बोझमनला किंवा जॅक्सनला उतरायचं, गाडी भाड्याने घ्यायची, हॉटेलात मुक्काम ठोकायचा. आमच्या ओळखीतली मराठी कुटुंबं तशीच जाऊन येतात. आमच्याकडे मात्र त्या उन्हाळ्यात कणकवलीहून सासू-सासरे आले होते, दोघंही पंचाहत्तरीच्या आसपासचे. आईंना, म्हणजे सासूबाईंना, बाहेरचं अन्न फार सोसत नाही. अण्णांना रात्री दोनदा तरी उठावं लागतं. थोरलीला गाडी लागते आणि धाकट्याला सदान्‌कदा भूक. एवढ्यांच्या गरजा एकाच वाहनात बसवायच्या तर त्यात स्वयंपाकघर हवं, संडास हवा आणि हातपाय ताणून झोपायला जागा हवी. तसं वाहन अमेरिकेत भाड्याने मिळतं.

मोटरहोमचे इकडे तीन वर्ग आहेत. 'ए' वर्गातलं धूड आपल्या एशियाड बसएवढं असतं. 'बी' म्हणजे व्हॅनच्या पोटात बसवलेली एवढीशी खोली. 'सी' म्हणजे ट्रकच्या चासीवर बांधलेलं घर. त्याचा पुढचा भाग ड्रायव्हरच्या डोक्यावर माळ्यासारखा येतो आणि त्या माळ्यावर पलंग असतो. आम्ही 'सी' घेतलं, तीस फुटी. चालवायला साधं गाडीचं लायसन्स पुरतं. एका लिटरला चार किलोमीटर जेमतेम मिळतात आणि भाडं दिवसाचं वेगळं, मैलाचं वेगळं. माळ्यावर मुलं, मागच्या छोट्या खोलीत आई-अण्णा आणि जेवायचं टेबल मोडून केलेल्या पलंगावर आम्ही दोघं, अशी झोपण्याची वाटणी झाली. आईंनी दोन पायऱ्या चढून आत पाऊल टाकलं, खाली पाहिलं आणि विचारलं, "घर असा ता खरा, पण उंबरो खंय?"

गाडी ताब्यात देणाऱ्या माणसाने चालवण्याबद्दल दहा मिनिटं सांगितलं आणि नळ्यांबद्दल तासभर. त्या तासाभरात आमच्या लक्षात आलं की हे घर इंजिनावर चालत असलं तरी उभं आहे ते तीन टाक्यांवर. पहिली ताज्या पाण्याची, साधारण दीडशे लिटरची. दुसरी राखाडी टाकी. बेसिनचं आणि न्हाणीघराचं पाणी तिच्यात जातं. तिसरी काळी, संडासाची. पहिली रिकामी झाली की संसार थांबतो, आणि दुसरी-तिसरी भरली तरी थांबतो. मधल्या काळात आपण जे करतो ते म्हणजे पहिल्या टाकीतलं पाणी उरलेल्या दोघींत नेऊन टाकणं.

अण्णा जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तरी मे महिन्यात काही वाड्यांवर टँकर जातो, हे गणित त्यांनी नोकरीभर सोडवलं होतं. त्यांनी दीडशेला सहाने भागलं आणि खिशातून डायरी काढली. "बरा झाला," ते म्हणाले, "माका वाटला, ह्या प्रवासात माका कायच काम नसतला."

आंतरराज्य महामार्ग ९० हा अमेरिकेतला सर्वांत लांब आंतरराज्य रस्ता. बोस्टनपासून सिॲटलपर्यंत सुमारे ४,८६० किलोमीटर. १९५६ साली आयझेनहॉवर अध्यक्ष असताना महामार्गांचा जो कायदा झाला, त्यातून हे जाळं विणलं गेलं. विस्कॉन्सिनमध्ये दुतर्फा झाडी आणि लाल रंगाची धान्याची कोठारं, ला क्रॉसला मिसिसिपी, तिच्यापलीकडे मिनेसोटात मका, सोयाबीन, पवनचक्क्या आणि पुन्हा मका. ह्या रस्त्यावर मोटर चालवणं सोपं असतं, मोटरहोम नाही. घराच्या उंच भिंतींवर वारा आपटतो आणि पूर्ण गाडी शेजारच्या लेनकडे सरकू पाहते. मोठा ट्रक बाजूने गेला की आधी ढकलतो, मग ओढतो. मी चालवत असले की मागून भांड्यांचा आवाज यायचा आणि त्यातला कुठला डाव, कुठलं झाकण, हे आई न बघता सांगायच्या.

पहिल्या दोन मुक्कामांत प्रत्येकाचं खातं ठरून गेलं. गाडी समपातळीत आणायची ती धाकट्याने. पाण्याचा बुडबुडा असलेली पट्टी फरशीवर ठेवून तो ओरडायचा आणि नवरा चाकाखाली प्लॅस्टिकच्या फळ्या सरकवायचा. गाडी कललेली राहिली तर गॅसवर चालणारा फ्रीज नीट थंड करत नाही. थोरलीकडे वीज. कॅम्पग्राउंडच्या खांबावरून तीस अँपिअरची जाड केबल आणायची, जोडायची आणि एसी, मायक्रोवेव्ह, केसांचा ड्रायर ही तीन दैवतं एका वेळी कोणी जागी करणार नाही हे पाहायचं; नाहीतर खटका पडून काळोख. पाणी अण्णांकडे. स्वयंपाक आईंकडे आणि माझ्याकडे.

स्वयंपाकघर म्हणजे तीन शेगड्या आणि पोळपाट ठेवला की संपणारा ओटा. आईंनी पहिल्या संध्याकाळी कुळथाच्या पिठीला लसणीची फोडणी दिली आणि छतावरचा धुराचा भोंगा असा किंचाळला की शेजारच्या गाडीतला गृहस्थ अग्निशामक नळकांडं घेऊन धावत आला. त्याला पिठी-भात वाढला. त्याने आवडीने खाल्ला आणि 'ही कसली डाळ' म्हणून नाव लिहून घेतलं. त्यानंतर फोडणी बाहेरच्या बाकावर, छोट्या शेगडीवर, असा नियम झाला. पिठी ही मोटरहोमसाठीच जन्माला आली असावी: एक भांडं, पंधरा मिनिटं, धुवायला तांब्याभर पाणी. ताटं आधी कागदाने पुसायची आणि मगच विसळायची, हेही आईंनीच घालून दिलं.

आंघोळीचा प्रश्न थोरलीने पेटवला. तिचे केस कमरेपर्यंत, आणि शॉवर सोडला की मिनिटाला सात-आठ लिटर पाणी वाहतं. गाडी देणाऱ्याने सांगितलेली पद्धत अशी: भिजा, नळ बंद करा, साबण लावा, पुन्हा सोडा, उरका. तिला ते अपमानास्पद वाटलं. दोन दिवस आजोबा-नातीत अबोला होता. तिसऱ्या दिवशी अण्णांनी कुठल्याशा दुकानातून निळी प्लॅस्टिकची बादली आणि मग आणला आणि न बोलता न्हाणीत ठेवला. शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या घरात जन्मलेल्या त्या मुलीने बादलीने अंघोळ कधी केली नव्हती. बाहेर आली ती म्हणाली, "दहा लिटरमध्ये केससुद्धा झाले." अण्णांनी डायरीत दहा लिहिले.

मिझुरी नदी ओलांडली की साउथ डकोटाचा चेहरा बदलतो. शेतं मागे पडतात, गवताळ माळ सुरू होतो, आणि पुढे जाऊन घड्याळ एक तास मागे करावं लागतं. ह्याच माळावर मैलोन्‌मैल लाकडी पाट्या दिसतात: वॉल ड्रग, बर्फाचं पाणी फुकट. वॉल हे एवढंसं गाव. १९३१ साली टेड हस्टेड नावाच्या औषधविक्याने तिथलं दुकान घेतलं. मंदीचे दिवस, गिऱ्हाईक नाही. महामार्गावरून गाड्या जायच्या, थांबायच्या नाहीत. १९३६च्या उन्हाळ्यात त्याच्या बायकोला, डोरोथीला, सुचलं की तापलेल्या माळावरून येणाऱ्या माणसाला हवं असतं ते थंड पाणी. पाट्या लागल्या आणि गाड्या वळू लागल्या. आज ते दुकान म्हणजे एक बाजारपेठच आहे, पाणी अजून फुकट आणि कॉफी पाच सेंटला. आम्हीही वळलो. आपल्याकडच्या पाणपोईचं इथे झालेलं हे रूप पाहून आईंना हसू आवरेना; अण्णांनी मात्र बाटल्या भरून घेतल्या.

वॉलच्या दक्षिणेला बॅडलँड्स. पाण्याने आणि वाऱ्याने कातरलेले मातीचे सुळके, त्यांच्यावर गुलाबी, पिवळे, राखी पट्टे. दुपारी त्यांच्याकडे बघवत नाही आणि संध्याकाळी नजर हलत नाही. तिथेच रात्री गारपीट झाली. छत फायबरग्लासचं, त्याच्या खाली हातभर अंतरावर मुलं झोपलेली. अर्धा तास एकमेकांचं बोलणं ऐकू आलं नाही. त्या अर्ध्या तासात सहाही माणसं मधल्या चार फुटांच्या पट्टीत येऊन उभी राहिली होती. एरवी ज्या जागेसाठी दिवसभर कुरबुर चालायची, ती जागा तेव्हा सगळ्यांना पुरली.

पुढे ब्लॅक हिल्स. माउंट रशमोरवर वॉशिंग्टन, जेफरसन, थिओडोर रूझवेल्ट आणि लिंकन ह्यांचे अठरा-अठरा मीटर उंचीचे चेहरे आहेत. गट्झन बोर्गलम ह्या शिल्पकाराने १९२७ मध्ये काम सुरू केलं, १९४१ मध्ये ते थांबलं. वाहनतळावर मोटरहोमसाठी वेगळ्या रांगा आणि त्या भरलेल्या. ज्या डोंगरावर हे चेहरे आहेत तो डोंगर लाकोटा लोकांचा. १८६८च्या फोर्ट लॅरमीच्या तहाने ब्लॅक हिल्स त्यांच्याकडे राहतील असं अमेरिकेच्या सरकारने लिहून दिलं. १८७४ मध्ये कस्टर ह्या लष्करी अधिकाऱ्याच्या मोहिमेला तिथे सोनं सापडलं आणि १८७७ मध्ये हे डोंगर सरकारने काढून घेतले. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन बेकायदा घेतली गेली असं मान्य केलं आणि दहा कोटी डॉलरांहून अधिक भरपाई कायम केली. लाकोटांनी ती घेतली नाही. व्याजाने ती एक अब्जाच्या पुढे गेली आहे, तरी घेतलेली नाही.

हे मी गाडीत वाचून दाखवलं तेव्हा आई बटाटे सोलत होत्या. तिलारीच्या धरणात त्यांच्या मावशीचं गाव गेलं. त्या म्हणाल्या, "पैसे घेतले म्हणजे जमीन दिली असा होता." वाक्य सरळ होतं. भरपाई नाकारण्यामागचं जे कारण लाकोटांचे पुढारी वर्षानुवर्षं सांगत आलेत, ते ह्याहून वेगळं नाही.

ह्या माळावर फिरतं घर आमच्या आधी कित्येक पिढ्या होतं. लाकोटांचा टिपी, गव्यांच्या कातड्यांचा आणि लांब वाशांचा, उभारायचा आणि मोडायचा तो बायकांनी, आणि मालकीही त्यांचीच असे. वाशांचीच ओढगाडी करून आधी कुत्र्यांना, मग घोड्यांना जुंपायची आणि गव्यांच्या कळपामागे निघायचं. गवे संपवले गेले तशी कातडी संपली, घरं संपली आणि त्या लोकांना राखीव जमिनींवर एका जागी बसवण्यात आलं. आज त्याच माळावर आपण ट्रकच्या चासीवरचं घर घेऊन 'मोकळं फिरायला' येतो. विरोध कोणी करत नाही. मोकळं फिरण्याची परवानगी कोणाला आहे, तेवढं ह्या दीडशे वर्षांत बदललं.

कस्टर स्टेट पार्कच्या मुक्कामात वीज होती, पण सांडपाण्याची जोडणी नव्हती. तिथून निघताना दोन्ही टाक्यांचे दिवे लाल. हे दिवे चार पायऱ्यांत पातळी दाखवतात, आणि त्यांतला काळ्या टाकीचा नेहमी खोटं बोलतो, कारण आतल्या संवेदकाला कागद चिकटून बसतो. अण्णांनी दिव्यावर विश्वास न ठेवता माणसं गुणिले वेळा असा हिशेब केला होता. तोही भरल्याचंच सांगत होता.

अशा वेळी जिथे जावं लागतं त्याला डंप स्टेशन म्हणतात. सिमेंटचा ओटा, मध्ये लोखंडी झाकणाचं भोक, बाजूला धुण्यापुरता नळ आणि त्यावर 'पिण्यासाठी नाही' अशी पाटी. आमच्या पुढे चार गाड्या होत्या. एक पांढऱ्या केसांची बाई, एकटीच आपल्या व्हॅनमध्ये राहणारी. एक निवृत्त ट्रकचालक आणि त्याची बायको. एक तरुण जोडपं, लहान बाळ कडेवर. शेवटी अर्ध्या कोटीची गाडी घेऊन आलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला एक गृहस्थ. प्रत्येकाच्या हातात रबरी मोजे. कोणी नाक मुरडत नव्हतं, कोणी नजर चुकवत नव्हतं. हवा आणि रस्ते ह्यांच्या गप्पा चालल्या होत्या.

मिनेसोटात हे काम नवऱ्याने एकट्याने उरकलं होतं. ह्या वेळी तो मोजे चढवत असताना अण्णा खाली उतरले.

"अण्णा, तुमी रवा. मी करतंय."

"टाकी सगळ्यांनी भरली, मगे तू एकट्यान कित्याक रिकामी करूची?"

त्यांनी नळी ओढून घेतली. एक टोक गाडीच्या तोंडाला पिळून बसवायचं, दुसरं जमिनीतल्या भोकात, त्यावर दगड. आधी काळ्या टाकीची झडप उघडायची. ती रिकामी झाली की मग राखाडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळीही धुऊन निघते. क्रम उलटा केला तर नळीत काय राहतं ते सांगायला नको. अण्णा वाकून आवाजावरून सांगत होते, अर्धी झाली, संपत आली, आता दुसरी खोल. थोरली नाकाला ओढणी लावून उभी होती. मग तीच पुढे झाली आणि नळ धरला.

त्या रात्री अण्णा गोपुरीबद्दल बोलले. कणकवलीला आप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ मध्ये काढलेला आश्रम. कोकणचे गांधी म्हणून त्यांचं नाव घेतलं जायचं. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी संडास साफ करण्याचं काम मागितलं; ते काम ठरावीक जातींच्याच कैद्यांचं, म्हणून त्यांना नाकारण्यात आलं. त्यांनी उपास सुरू केला आणि येरवड्यातून गांधीजींनीही त्यांच्या बाजूने उपास धरला, तेव्हा सरकार नमलं. पुढे गोपुरीत आप्पासाहेबांनी मैल्याचं सोनखत करण्याचे प्रयोग केले. अण्णांच्या शाळेतल्या मास्तरांनी मुलांना एकदा ते पाहायला नेलं. खड्डा, माती, पालापाचोळा आणि काही महिन्यांनी वास न येणारं काळं खत. मुलांनी ते हातात घेतलं. घरी आल्यावर अण्णांच्या आजीने त्यांना परसात उभं करून डोक्यावर घागर ओतली आणि कपडे वेगळे धुतले. खत हातात घेतलं एवढ्यासाठी.

"पाणीपुरवठ्यात तीस वर्सा काढली," अण्णा म्हणाले. "पाणी घरात कसा येता ता सगळ्यांका बघूचा असता. भायर कसा जाता ता कोण इचारणा नाय."

हाताने मैला उचलायला लावण्यावर आपल्या देशात १९९३ मध्ये कायद्याने बंदी आली, २०१३ मध्ये तो कायदा अधिक कडक झाला. तरीही गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये उतरलेली माणसं गुदमरून मेल्याच्या बातम्या येत राहतात, आणि उतरणारे कोण असतात ते आडनावं न वाचताही कळतं. अमेरिकेत ह्या कामाला जात चिकटलेली नाही असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. हॉटेलांची न्हाणीघरं इथेही बहुतेक परदेशातून आलेल्या गरीब बायकाच घासतात. पण डंप स्टेशनच्या ओट्यावर एक साधा नियम चालतो: ज्याची टाकी त्याने रिकामी करायची. महागडी गाडी त्यातून सुटका देत नाही. नोकर ठेवण्याइतकी गाडीत जागाच नसते.

वायोमिंगमध्ये बिगहॉर्नचे डोंगर चढताना इंजिनाचा आवाज बदलला. पावडर रिव्हर पास २,९४६ मीटरवर. चढताना वेग ताशी पन्नास किलोमीटरवर आला, आणि पलीकडे टेन स्लीपच्या दरीत उतरताना गिअर खाली टाकून इंजिनालाच गाडी धरायला लावली. ब्रेकवर पाय ठेवून एवढं घर उतरवायचं म्हटलं तर ब्रेक पेटतील. कोडी गाव मागे टाकून सिल्व्हन पासवरून आम्ही यलोस्टोनमध्ये शिरलो.

१८७२ मध्ये जाहीर झालेलं हे जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. क्षेत्रफळ नऊ हजार चौरस किलोमीटरच्या आत-बाहेर, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या पावणेदोन पट. आमचा मुक्काम फिशिंग ब्रिजला. पाणी, वीज आणि सांडपाणी अशा तिन्ही जोडण्या असलेला उद्यानातला हा एकमेव तळ, आणि इथे तंबूला मज्जाव. भिंती कडक असलेल्याच गाड्या चालतात, कारण हा ग्रिझली अस्वलांचा मुलूख आहे. भांडं, तेलाची बाटली, टूथपेस्टसुद्धा बाहेर राहता कामा नये. आईंची बाहेरची फोडणी बंद झाली. धुराच्या भोंग्याखाली खिडक्या उघडून, पंखा लावून, कमी तेलात जमवावं लागलं. वर तळाची उंची सुमारे २,३६० मीटर. पाणी ९२ अंशांनाच उकळतं आणि उघड्या भांड्यात डाळ काही केल्या शिजत नाही. घरून आणलेला कुकर इथे कामी आला.

हेडन खोऱ्यात रस्ता गव्यांनी अडवला होता. इंजिन बंद करून बसायचं आणि त्यांची मर्जी होईपर्यंत वाट पाहायची. पंचवीस यार्डांच्या आत जायचं नाही. एक नर आमच्या दाराला घासून गेला तेव्हा फ्रीजवरची बरणी हलली. ह्या खंडावर एके काळी कोट्यवधी गवे होते. कातड्यांचा धंदा, रेल्वे आणि माळावरच्या जमातींचं अन्न तोडायचा लष्करी हिशेब, ह्या तिन्हींनी मिळून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काहीशेच ठेवले. १९०२ च्या सुमारास यलोस्टोनमध्ये दोन डझनांहून कमी उरले होते. आज तिथे काही हजार आहेत.

ओल्ड फेथफुलच्या भोवती बाकांची अर्धगोल रांग आहे आणि पुढच्या उसळीची अंदाजी वेळ फळ्यावर लिहिलेली असते. साधारण दीड तासाने ते उसळतं, तीस ते पंचावन्न मीटर उंच, आणि एका वेळी चौदा ते बत्तीस हजार लिटर पाणी फेकतं. अण्णांनी डायरीत भागाकार केला: आमची ताजी टाकी शंभर ते दोनशे वेळा भरेल. गायझर व्हायला तीन गोष्टी लागतात: मुबलक पाणी, खाली उष्णता, आणि मध्ये अरुंद नळ्या, ज्यांत दाब साठतो. शास्त्रज्ञ त्याला चक्क 'प्लंबिंग'च म्हणतात. जगातले निम्म्याहून अधिक गायझर ह्या एका उद्यानात आहेत, कारण एवढी उष्णता, एवढं पाणी आणि असा खडक एकत्र फार थोड्या ठिकाणी सापडतो.

फवारा खाली बसला तशी माणसं पांगली. अण्णा बाकावरच होते. राजापूरची गंगा त्यांनी तीन-चारदा पाहिली आहे; ती कधी दोन-तीन वर्षांनी येते, कधी मध्येच, आणि आली की लोक कामंधामं टाकून धावतात. जवळच उन्हाळे गावचे गरम पाण्याचे झरेही आहेत. "आमची गंगा मनाक येत तेव्हा येता," ते म्हणाले, "ही नोकरी केल्यासारखी येता." आईंना मात्र इथे कोणी हात जोडत नाही ह्याचं आश्चर्य वाटलं. त्यांनी जोडले.

वेस्ट थंबकडे जाताना क्रेग पासवर कुमुदांनी भरलेलं लहानसं इसा तळं लागतं. ते खंडाच्या पाणलोटाच्या रेषेवरच आहे. त्याच्या एका टोकाचं पाणी मिझुरी-मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखाताला जातं, दुसऱ्या टोकाचं स्नेक नदीतून पॅसिफिकला. धाकट्याने दोन्ही बाजूंना एकेक काडी टाकली आणि कुठली आधी पोचेल ह्यावर आजोबांशी पैज लावली.

परतीचा रस्ता नेब्रास्का आणि आयोवातून. सपाट, लांब आणि झोप आणणारा. वॉलकॉटला जगातला सर्वांत मोठा म्हणवणारा ट्रकतळ आहे. तिथे शेवटच्या टाक्या रिकाम्या केल्या. ह्या खेपेला मोजे थोरलीने आधी घातले.

घरी आल्यावर पहिल्या सकाळी अण्णांनी मला विचारलं की ह्या घराची काळी टाकी कुठे आहे. आमच्या नळाला मिशिगन सरोवराचं पाणी येतं एवढं मला ठाऊक होतं. पुढचं शोधता शोधता शिकागो शहराची गोष्ट हाती लागली. एकोणिसाव्या शतकात शहर पाणी सरोवरातून घेई आणि घाण शिकागो नदीतून त्याच सरोवरात सोडी. रोग पसरले. तेव्हा पंचेचाळीस किलोमीटरचा कालवा खणून १९०० साली नदीचा प्रवाहच उलटा फिरवण्यात आला: सरोवराकडे जाणारी नदी आता इलिनॉय नदीकडे आणि तिथून मिसिसिपीकडे वाहू लागली. खाली सेंट लुइस हे शहर. मिझुरी राज्याने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला आणि १९०६ मध्ये पुराव्याअभावी तो हरला.

अण्णांनी चष्मा काढला. "म्हणजे ह्या शहरान आपली काळी टाकी शेजाऱ्याच्या परड्यात ओतल्यान."

तीन टाक्यांच्या घरात हे करता येत नाही, एवढंच त्या घराचं मोठेपण. तिथे मळ आपल्याबरोबर प्रवास करतो. कुठे उतरवायचा ते आपल्याला शोधावं लागतं, आणि उतरवताना आपणच वाकावं लागतं. पक्क्या घरात हे वाकणं कोणाच्या तरी अंगावर गेलेलं असतं. कधी ते दुसऱ्या जातीच्या माणसावर जातं, कधी नदीच्या खालच्या अंगाच्या गावावर. घर जितकं पक्कं, तितकं ते माणूस आपल्या नजरेआड.

आता शिकागोचं सांडपाणी शुद्ध करून सोडतात. त्यासाठीचं स्टिकनीचं केंद्र जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक आहे. आई-अण्णांचे परतायचे दिवस जवळ आले होते आणि विलिस टॉवरच्या काचेच्या सज्जात जायचं राहिलं होतं. अण्णा म्हणाले, उंच इमारती मुंबईतही आहेत, त्यांना स्टिकनी दाखवा. शाळा-कॉलेजांच्या सहली तिथे जात असतात असं थोरलीने शोधून काढलं आणि अर्ज भरायला बसली. कुटुंबातली किती माणसं, असा रकाना होता. नवऱ्याने तोंड उघडायच्या आत तिने सहा लिहिलं.